मी आजारी नव्हते

आमच्या लॉ कॉलेजच्या ऑफिसची खिडकी दोन वाजता बंद होते. पावणेदोनला माझी एक विद्यार्थिनी खिडकीपाशी उभी होती. डोक्याला घट्ट स्कार्फ, कानांत कापसाचे बोळे, पायांत लोकरी मोजे, आणि बाहेर ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. जवळ गेले तसा तो वास आला. ओवा, बाळंतशेपा, शेगडीचा धूर, खोबरेल, सगळं मिळून होतो तो बाळंतिणीच्या खोलीचा वास. माझ्या घरातून तो जाऊन अठरा वर्षं झाली, पण नाकानं तो लगेच ओळखला. पलीकडे कडुनिंबाच्या पारावर तिची आई बसली होती, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. येणाऱ्याजाणाऱ्या मुलांच्या मोटारसायकलींचा आवाज झाला की ती माउली बाळाच्या कानावर तळहात धरायची.

"मॅडम, माझं नाव डिफॉल्टर लिस्टला आहे," ती म्हणाली. मैत्रिणीनं नोटीस बोर्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. तो बघून सव्वा महिन्याच्या बाळाला घेऊन ती माहेरच्या गावाहून एसटीनं आली होती. तिच्या हातात कमी हजेरी माफ करण्यासाठीचा छापील अर्ज होता. मी तो घेतला. त्यात 'अनुपस्थितीचे कारण' या ओळीखाली चार चौकोन होते: आजारपण, कुटुंबातील मृत्यू, क्रीडा वा सांस्कृतिक स्पर्धा, एनसीसी वा एनएसएस. हा अर्ज मी कित्येक वर्षं पाहत आले आहे, त्यावर सह्याही केल्या आहेत. "आजारपणावर टिक कर," मी म्हणाले. "डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोड आणि दे."

तिनं पेन उघडलं. टोक चौकोनापर्यंत नेलं आणि थांबली.

"पण मॅडम, मी आजारी नव्हते."

हुज्जत घालण्याचा तो सूर नव्हता. सहीच्या कागदावर आपण काही चुकीचं तर लिहीत नाही ना, या काळजीनं माणूस विचारतो तसं तिनं विचारलं. आणि ही काळजी तिला मीच शिकवली होती. ड्राफ्टिंगच्या तासाला दरवर्षी पहिल्याच दिवशी मी सांगते: अर्जात, प्रतिज्ञापत्रात जे खरं आहे तेच लिहायचं, सोयीचं नाही. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. आतून क्लार्कसाहेबांनी रजिस्टरं आवरायला घेतली होती. मी म्हणाले, "अगं, लिही. पद्धत असते तशी." तिनं टिक केलं. कार्बन पेपरखालच्या प्रतीवर ती खूण जरा जास्तच ठसठशीत उमटली होती, एवढं मला अजून आठवतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी हजेरीचं गणित मांडून बसले. ते मांडलं नसतं तर कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं. त्या सेमिस्टरला सगळ्या विषयांचे मिळून २४० तास झाले होते. ती १३१ तासांना हजर होती, म्हणजे जेमतेम ५५ टक्के. बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदे शिक्षण नियमांनुसार प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. एखाद्या विषयात ६५ पर्यंत घसरली आणि एकूण ७० भरत असली, तर प्राचार्य विशेष कारणासाठी परवानगी देऊ शकतात. ५५ टक्क्यांना त्यांच्याही हातात काही उरत नाही. मग मी दुसऱ्या बाजूनं गेले. शेवटचे सहा आठवडे ती नव्हती. त्या सहा आठवड्यांत ९० तास झाले. ते बाजूला ठेवले तर उरतात १५०, आणि त्या दीडशेपैकी ती १३१ तासांना बसली होती. ८७ टक्के! माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक धडधाकट मुलांची एवढी भरत नाही. आणि हे १३१ तास म्हणजे सातवा, आठवा, नववा महिना. मला ती आठवत होती. बाक आणि डेस्क यांच्यामध्ये मावेना म्हणून ती आडवी बसायची, वही मांडीवर घेऊन. एकदा मी म्हटलंसुद्धा होतं, बाळा, घरी आराम कर आता. ती म्हणाली, "टर्म जाईल ना मॅडम."

तिची टर्म गेली. नियमानं गेली, कुणीही कुणाचा दुस्वास केला नाही. प्राचार्यांना वाईट वाटलं, क्लार्कसाहेबांना वाटलं, मला वाटलं. नियमाला बाळंतपण नावाची गोष्टच ठाऊक नसल्यामुळे सगळ्यांचं वाईट वाटणं वाया गेलं.

मला या गोष्टीचा त्रास जरा जास्त झाला, त्याला माझं स्वतःचं कारण आहे. माझी मुलगी झाली तेव्हा मी एका कॉलेजात सीएचबीवर होते. तासाला पैसे, तास नाही तर पैसे नाहीत. कायम असलेल्या सहकारी बाळंतपणाची रजा घेऊन पगारी घरी बसायच्या, आणि ते बरोबरच होतं. मला मात्र सव्वा महिना झाल्या झाल्या परत यावं लागलं, नाहीतर माझे तास दुसऱ्या कुणाला गेले असते. आईनं डिंकाचे लाडू डब्यात दिले होते, ते मी स्टाफरूममध्ये संकोचानं कोपऱ्यात खायचे. लेडीज रूमच्या दाराची कडी तुटलेली होती, त्यामुळे पाठीनं दार दाबून धरून दूध काढून टाकायचं. एके दिवशी तेवढाही वेळ मिळाला नाही. साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि तशीच वर्गावर गेले. त्या दिवशी शिकवायला संविधानाचं कलम १५ होतं. पंधराचं पोटकलम तीन: स्त्रिया आणि बालकांसाठी विशेष तरतूद करण्यापासून राज्याला या कलमातलं काहीही अडवत नाही. पुढे कलम ४२, कामाच्या जागी न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूतीसाहाय्य. मी ते फळ्यावर लिहिलं. ब्लाउज ओला होत होता आणि मी फळ्याकडेच तोंड करून शक्य तितका वेळ लिहीत राहिले. मुलांना वाटलं असेल, आज मॅडम नोट्स फार देतायत.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. सोसलं आणि विसरले, असंच धरून चालले होते. ती मुलगी चौकोनाशी थांबली तेव्हा कळलं की मी विसरले नव्हते. आणि जे मी निमूट सोसलं ते तिनंही तसंच सोसावं, असा सल्ला मी तिला 'पद्धत' म्हणून दिला होता. सर्वांत जास्त टोचलं ते हे.

मध्यंतरी पेपर तपासणीसाठी पुण्याला गेले होते, तेव्हा येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या आवारात एक चक्कर मारली. दगडी कमानी, जुनी झाडं, दुपारची शांतता. पहिली भारतीय महिला वकील म्हणून ओळखली जाणारी कॉर्नेलिया सोराबजी इथं शिकत होती. जन्म नाशिकचा, १८६६ चा. परीक्षेत ती अशी चमकली की इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती तिच्याच वाट्याला यायची, पण ती मुलगी म्हणून नाकारली गेली. मग तिकडच्या काही हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला पोचली. कायद्याच्या परीक्षेला बसण्यासाठी तिथंही तिच्यापुरता वेगळा ठराव करावा लागला. १८९२ मध्ये तिनं परीक्षा दिली. पदवी हातात पडली ती १९२२ मध्ये, तीस वर्षांनी, कारण बायकांना पदव्या द्यायला ऑक्सफर्डनं सुरुवातच १९२० मध्ये केली. आणि वकिली करायला स्त्री असण्याची आडकाठी नाही, हे हिंदुस्थानात कायद्यानं स्पष्ट झालं ते १९२३ मध्ये. मी हे सगळं वर्गात दरवर्षी सांगते, मुली भारावून ऐकतात. पण त्या दिवशी त्या कमानीखाली उभी असताना मी दुसऱ्याच मुलींचा विचार करत होते. जिच्यासाठी वर्गणी निघाली नाही आणि वेगळा ठराव झाला नाही, अशी त्याच वर्गातली दुसरी एखादी. ज्या विषयात दर वेळी एकीसाठी खास मेहेरबानी करावी लागते, तिथं पुढच्या मुलीला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहून हात जोडावे लागतात.

आपल्याकडे कोर्टातही तेच चाललं आहे. मे २०१८ मध्ये दिल्ली विद्यापीठात एलएलबी करणारी एक विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेली. बाळंतपणामुळे हजेरी भरली नव्हती, परीक्षेला बसू द्या एवढीच मागणी. न्यायालयानं नकार दिला, कारण बार कौन्सिलच्या नियमांत या कारणासाठी सूटच नव्हती. ती सर्वोच्च न्यायालयात धावली, तिथंही परीक्षेला बसण्याची परवानगी मिळाली नाही. जी मुलगी कायदाच शिकत होती तिला कायद्यानं दिलेलं हे उत्तर. पुढे २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं बी.टेक.च्या एका विद्यार्थिनीला दिलासा दिला, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे की विद्यापीठाला सांगितलं, अशा मुलींसाठी नियम करा. मे २०२३ मध्ये मेरठच्या चौधरी चरणसिंग विद्यापीठाची एम.एड.ची विद्यार्थिनी दिल्ली उच्च न्यायालयात आली. तिला ५९ दिवसांची प्रसूती रजा हवी होती. शिकायचं की आई व्हायचं, यातलं एक निवड अशी वेळ बाईवर आणता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. वाचताना माझे डोळे भरून आले. मग मनात आलं, आमची ती मुलगी दिल्लीला जाणार कशी? वकील कोण देणार? कडेवर बाळ, दीडशे रुपयांचं एसटीचं तिकीट, आणि खिडकी दोनला बंद.

यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१६ पासून पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा दिली आहे. पदवी आणि पदव्युत्तर मुलींसाठी डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या कुलगुरूंना पत्र गेलं: रजेचे, हजेरीतल्या सवलतीचे, परीक्षा अर्जाच्या मुदतवाढीचे योग्य ते नियम तुमच्या पातळीवर करा. केरळ सरकारनं २०२३ मध्ये आपल्या विद्यापीठांतल्या अठरा वर्षांवरच्या मुलींना ६० दिवसांपर्यंत प्रसूती रजा आणि पाळीच्या त्रासापोटी हजेरीत दोन टक्के सूट जाहीर केली. आमच्या कॉलेजात ते २०२१ चं पत्र मला परिपत्रकांच्या फायलीत सापडलं. पंचिंग केलेलं, आवक क्रमांक टाकलेलं, 'नोंद घेतली' असा शेरा मारलेलं.

नोंद घेतली होती, खरंच.

मुलींना शिकवण्याबाबत महाराष्ट्रानं काहीच केलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. त्या शासन निर्णयानंतर प्रवेशाच्या रांगेत मी जे चेहरे पाहिले, ते आधी कधी दिसायचे नाहीत. एक बाप मुलीच्या मागे उभा राहून तीन-तीनदा विचारत होता, खरंच भरायचे नाहीत का? पण कॉलेजचा दरवाजा उघडला म्हणजे वाट मोकळी झाली असं होत नाही. गावाकडच्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो. कॉलेजची पायरी चढली की तो थांबतो, आणि घरात पहिला प्रश्न येतो तो रोजच्या येण्याजाण्याच्या खर्चाचा. वसतिगृहाची खोली, मेसचे पैसे, सात वाजता बंद होणारं फाटक, लग्नाची स्थळं, हे सगळं फीच्या पावतीबाहेर राहतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या समितीचंही तसंच. कायदा २०१३ चा, यूजीसीचे नियम २०१५ चे, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी निवडून घ्या असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. मी एकदा वर्गात विचारलं, आपल्या समितीवर कोण कोण आहे? साठ मुलांत एकालाही एक नाव सांगता आलं नाही. नंतर भिंतीवरचा फलक नीट वाचला, तर त्यातल्या एक बाई दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेल्या.

महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत मी विषय काढला. अर्ध्या पानाचा ठराव लिहून नेला होता. अर्जावर पाचवा चौकोन असावा, 'प्रसूती व बालसंगोपन'. त्या काळातले तास एकूण तासांतून वजा करून उरलेल्यांवर हजेरी काढावी. चुकलेली अंतर्गत परीक्षा पुन्हा देता यावी. आणि हे आपल्या हातात पूर्णपणे नसल्यामुळे विद्यापीठाच्या विद्या परिषदेला आणि बार कौन्सिलला कॉलेजच्या वतीनं निवेदन पाठवावं. एक सदस्य म्हणाले, मग उद्या सगळेच सूट मागतील. त्यांना उत्तर देणं सोपं होतं. अवघड गेले ते आमचे सर्वांत जुने सर, ज्यांनी स्वतःच्या खिशातून कितीतरी मुलींच्या फिया भरल्या आहेत. ते शांतपणे म्हणाले, "बाई, आपण माणुसकी दाखवतोच की. ती लिहून कशाला ठेवायची?"

मी त्यांना लगेच काही बोलू शकले नाही. या माणसाच्या माणुसकीवर आमची निम्मी संस्था उभी आहे. पण त्यांच्याकडे जायला मुलीला धीर लागतो, ओळख लागते, आणि आपलं अडलं आहे हे चारचौघांत सांगण्याची तयारी लागते. जी लाजाळू आहे, जी नवी सून म्हणून त्या गावात आली आहे, ती सरांच्या केबिनचं दार वाजवतच नाही. ती यादीत नाव बघते आणि परत जाते. मी एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही निवृत्त झाल्यावर काय?" सर बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले.

माझ्या मनातही एक गाठ आहे, ती लपवत नाही. दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचं लग्न उरकताना उद्या एखादा बाप म्हणेल, काळजी कशाला, कॉलेजात बाळंतपणाची सोय आहे. ज्या मुलीला अजून पाच वर्षं लग्नच नको होतं, तिच्या हातातली 'माझं शिक्षण बुडेल' ही एकुलती एक सबब आम्ही काढून घेतोय की काय? या विचारानं मी दोन दिवस ठराव टंकायलाच दिला नाही. शेवटी एका गोष्टीनं मन बसलं. परीक्षेला बसू न देण्यानं आजवर कुठलं लग्न थांबलेलं मी पाहिलेलं नाही. शिक्षण थांबलेलं मात्र खूप पाहिलं आहे. माझ्याच हजेरीपटात लाल रेघ मारलेली ती नावं आहेत, आणि त्यांतली कितीतरी लग्नानंतर पहिल्या दोन वर्षांत गळालेली आहेत.

ठराव मंजूर झाला. निवेदन विद्यापीठाकडे गेलं आहे, पोच आली आहे. बार कौन्सिलकडेही गेलं आहे. तिकडून अजून काही आलेलं नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक स्मरणपत्र टाकते. क्लार्कसाहेब आता मी मागायच्या आतच आवक-जावक रजिस्टर पुढे करतात.

ती या जुलैला परत आली, त्याच सेमिस्टरला, एक वर्ष मागच्या मुलांबरोबर. परत येईल असं मला वाटलं नव्हतं. दाराजवळच्या बाकावर बसते, फोन उपडा ठेवलेला, थरथरला की उठून व्हरांड्यात जाते. बाळ आता रांगतं म्हणे. गेल्या आठवड्यात तास संपल्यावर मी तिला थांबवलं आणि नव्या अर्जाचा मसुदा दाखवला. पाचवा चौकोन तिला दिसावा, एवढाच माझा हेतू होता. खरं सांगायचं तर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल याची मी वाट बघत होते. तिनं तो चौकोन पाहिला, मान हलवली आणि पुढे वाचत राहिली. 'सोबत जोडावयाची कागदपत्रे' या ओळीशी आली तेव्हा थांबली, तशीच, मागच्या वेळी थांबली होती तशी.

"मॅडम, इथे डिस्चार्ज कार्ड म्हटलंय. त्याच्यावर माझं सासरचं नाव आहे. कॉलेजात माहेरचं. मागच्या वेळी खिडकीवर आधी हेच विचारलं होतं, ही तूच कशावरून."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मला सुचलंही नव्हतं. मी पेन्सिल तिच्या हातात दिली. तिनं बाकावर वाकून समासात बारीक अक्षरात लिहिलं: कार्डावर सासरचे नाव असल्यास ते ग्राह्य धरावे. मग जरा विचार करून खाली आणखी एक ओळ घातली: अर्ज देण्यासाठी विद्यार्थिनीने स्वतः येण्याची आवश्यकता नाही. तिसरी ओळ सुरू केली होती, बाळाला परीक्षेच्या वेळी सोबत आणणाऱ्या आजीनं बसायचं कुठं याबद्दल, तेवढ्यात फोन थरथरला. चार दहाची एसटी होती. "उरलेलं उद्या लिहिते मॅडम," म्हणून ती पेन्सिल घेऊनच पळाली.